वस्तादांचा डावा हात

वस्तादांना माझं तोंड कधीच लक्षात राहिलं नाही. पाच वर्षं मी त्यांच्या आखाड्यात घाम गाळला, पण बाजारात समोरून नमस्कार केला की ते असे बघायचे, जणू मी परगावचा कुणी पत्ता विचारायला आलोय. मग मी मुकाट्यानं पाठ फिरवायचो. त्यांचा डावा हात मानेवर पडायचा, मनगट मानेच्या बुडाशी टेकायचं, बोटं शिरांवरून दोनदा फिरायची आणि ओळख पटायची.

"अरे, पंतोजीचा पोट्टा! मंग समोरून काहून येतं बे?"

आता याला काय म्हणावं? माणूस समोरून नाही येणार तर काय उलटा चालत येईल? पण वस्तादांशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. आखाड्यात आम्ही वीसेक पोरं होतो, दहा ते चौदा वर्षांची, आणि त्या सगळ्यांना ते मानेवरून ओळखायचे. नुसतं ओळखत नसत, आतलं सगळं काढून घेत. "काल जेवला नाही." "बापाचा मार खाल्ला." "चिचा चोरून आला, लेका." हात मानेवर, डोळे अर्धे मिटलेले, आणि सगळं खरं निघायचं! माझे वडील पंतोजी. घरच्या ओसरीवर शाळा चालवायचे. ते म्हणत, यात चमत्कार कसला, पोरगं घाबरलं की स्वतःच बकतं. असेल बुवा. पण माझ्या मनातलं वडिलांना कधी कळलं नाही आणि वस्तादांना रोज कळायचं, एवढं मला ठाऊक आहे.

साठीचा माणूस. कुस्तीत चुरगळलेले कान, गुडघे थोडे वाकलेले, पण छाती दरवाजाएवढी. लग्न केलं नव्हतं. एक शेळी पाळली होती आणि तिच्याशी रोज कडाक्याचं भांडण असे. ती दूध कमी द्यायची, हे तिला पटवून देत बसायचे. डाव्या मनगटात पितळेचं जाड कडं. त्यांच्या गुरूंनी विशीत घातलेलं. पुढे मनगट वाढलं आणि कडं तेवढंच राहिलं, त्यामुळे ते निघायचा प्रश्नच नव्हता. बसल्या बसल्या ते उजव्या हातानं कडं गरागरा फिरवत. आम्हाला वाटायचं, वस्ताद मनातल्या मनात मारुतीचा जप करतात. आम्ही फार भाबडी पोरं होतो.

त्यांचा एक नियम मात्र गावभर गाजलेला. पहाटे नाही, चांगलं ऊन वर आल्यावर, आम्ही लंगोटावर रांगेनं उभं राहायचं. ते एकेकापुढे येणार आणि म्हणणार, "फिर." आपण जागच्या जागी गिरकी घ्यायची, हात वर करायचे, बोटं फाकवायची. अंगावर फोड, पुळी, खरूज, गजकर्ण, काही म्हणजे काही दिसलं की बाहेर. बाहेर म्हणजे आखाड्याच्या कडेला दगडी ओटा होता, त्यावर बसायचं. डाग पुरता जाईपर्यंत मातीत पाय टाकायचा नाही.

"मातीत आंगाले आंग लागते," ते म्हणत. "एकाचं थे बाराचं. घरी खाजव, देवळात खाजव, इथिसा नाही."

कुणी रडलं, कुणाचा बाप भांडायला आला, तरी नियम हलत नसे. एकदा एका पाटलाच्या मुलाला खरूज निघाली म्हणून ओट्यावर बसवलं. पाटील घोड्यावरून तणतणत आला. वस्तादांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. आजची रात त्याले तुमच्या पलंगावर घेऊन झोपा. उद्या दोघं या." पाटील घोडं वळवून गेला. पोरगा पंधरा दिवस ओट्यावर बसला.

ती वर्षंही काही साधी नव्हती. सात समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून सगळ्या जगाला एकदम आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. परकोटाच्या दरवाजापासून कापसाच्या गाड्यांची रांग लागायची ती नजर पोचणार नाही इतकी. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. रुईचे तंतू हवेत, भाकरीत, डोळ्यांत. घामेजल्या अंगाला ते चिकटले की वस्ताद चिडायचे आणि आम्हाला पुन्हा आंघोळीला पिटाळायचे.

पैसा आला की माणसाला हौस सुचते. अकोल्याच्या व्यापाऱ्यांना सुचली. माघात तिथल्या मोर्णा नदीच्या पात्रात पोरांच्या कुस्त्यांची दंगल भरवायची, अमरावती विरुद्ध अकोला. त्यांचा निरोप वस्तादांकडे घेऊन आले ते आमच्याच गावचे एक कापसाचे अडते शेटजी, जरीकाठी उपरणं, कानात भिकबाळी. वस्तादांनी त्यांना बसा म्हटलं नाही.

"फिरा," वस्ताद म्हणाले.

"कोन, मी?"

"मंग कोन, शेळी? फिरा."

शेटजी बिचारे फिरले. वस्तादांनी उपरणं बाजूला केलं आणि डावा हात त्यांच्या मानेवर ठेवला. "तुमाले महिन्याभरात झोप नाही, शेटजी."

शेटजींचा चेहरा पार उतरला. "कशी लागन, वस्ताद? लढाई थांबली तं? गोदाम भरून हाये माहं."

"थे मले काय समजते? मानेले तेल चोळत जा," असं म्हणून वस्तादांनी स्वतःच त्यांची मान चांगली रगडून दिली. शेटजी दोनदा आहाहा म्हणाले आणि जाताना खूश होते. मग ते दर चार-आठ दिवसांनी यायला लागले. दंगलीचं निमित्त, मान चोळून घ्यायची.

अकोल्यासाठी वस्तादांनी आठ पोरं निवडली. आठवा मी. खरं सांगतो, त्या दिवशी मी घरी पळत गेलो नाही, उडत गेलो. पंतोजीचा मुलगा म्हणजे पाढे म्हणणारा, शेंबडा, असंच सगळे धरून चालायचे. वडिलांनासुद्धा तेच बरं वाटायचं. आणि आता मी मोर्णेच्या पात्रात हजारो लोकांपुढे लंगोट कसून उतरणार होतो! माझी जोडही ठरली होती. अकोल्याचा एक पोरगा, माझ्याच वजनाचा. त्याला मी पाहिलं नव्हतं, पण रोज अंथरुणात त्याला चीत करायचो.

आणि पावसाळा सरता सरता गजकर्ण शिरलं.

आधी एकाला, मग तिघांना, दिवाळीपर्यंत अकरा पोरं ओट्यावर. आठातली पाच. लाल कडेचा गोल डाग, मधे कोरडा, आणि खाज अशी की कातडं सोलून काढावंसं वाटे. वस्ताद वेड्यासारखे झाले. कोण कुणाशी झोंबला, हे त्यांना तोंडपाठ. त्या जोड्या लावून बघत, पण धागा जुळेना. मग त्यांनी मातीवर संशय घेतला. त्या काळ्या रानात आखाड्याला लागते ती तांबडी माती मिळत नाही. ती डोंगरातून गाढवांवर लादून आणलेली, वर्षानुवर्षं हळद, ताक, तेल, लिंबाचा पाला घालून मळलेली. तळाशी त्यांच्या गुरूंच्या आखाड्यातली दोन पाट्या माती होती. ती सगळी त्यांनी उपसली, आठ दिवस उन्हात पसरली, लिंबाच्या पाण्यानं शिंपली. गुरूंची माती बाहेर काढताना ते पाठ करून उभे राहिले आणि नाक शिंकरल्यासारखं करत राहिले. आम्ही पाहिलं नाही असं दाखवलं.

काही फरक पडला नाही. मग तेलाची सामाईक वाटी बंद, ज्याची त्याची नारळाची करवंटी. अंग पुसायचा पंचा ज्याचा त्याचा. लंगोट रोज उकळायचे. तरोट्याच्या, म्हणजे टाकळ्याच्या, बिया आंबट ताकात वाटून आम्ही सगळे दोन वेळा माखून घ्यायचो. तो वास अजून नाकात आहे. त्यानं डाग जायचेसुद्धा. पोरगं साफ होऊन मातीत परत जायचं, आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा ओट्यावर.

माझंही तेच झालं. मानेवर डाग. एकवीस दिवस ओटा, साफ झालो, आठ दिवस खेळलो, पुन्हा तिथंच डाग. आई म्हणाली, बस झालं तुझं पहिलवान होणं. मी तिच्या हातापाया पडलो. माघ महिना पुढे दिसत होता.

पण ओट्यावर बसलं की एक होतं. मातीत असताना आपण समोरच्याचं तोंड बघतो, पाय बघतो. ओट्यावरून सगळ्यांच्या पाठी दिसायच्या. बसून बसून काय करणार, मी पाठी बघायचो. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की पहिला डाग प्रत्येकाला मानेच्या बुडाशी होता. दंडावर नाही, छातीवर नाही, जिथं अंग घासतं तिथं नाही. पुढे पसरला असेल, पण सुरुवात तिथंच. मी ते कुणाला बोललो नाही. कारण त्याचा अर्थ काय, ते मला लागलीच कळलं नाही.

ते कळवलं शेटजींनी. आले, नेहमीसारखे. ओट्याशी उभे राहून उपरण्याखाली बोटं घालून मान खाजवत होते. उपरणं सरकलं. लाल कडेचा गोल डाग, हा असा, रुपयाएवढा.

शेटजी आयुष्यात मातीत उतरले नव्हते. आमच्या करवंटीतलं तेल त्यांनी लावलं नव्हतं, आमच्या पंच्याला हात लावला नव्हता. त्यांच्या मानेला आखाड्यातलं एकच काही लागलं होतं. मी वस्तादांकडे पाहिलं. ते बसले होते आणि उजव्या हातानं कडं गरागरा फिरवत होते. जप कसला! तो माणूस खाजवत होता.

माझा हात आपोआप माझ्या मानेवर गेला.

आज सांगतो, चार दिवस मी गप्प बसलो. कुणाला सांगणार? आमची सगळ्यांची तपासणी वस्ताद करत, वस्तादांची तपासणी कोण करणार? असला विचारच कुणाच्या डोक्यात येत नव्हता, त्यांच्याही नाही. आणि मी काही सत्यवचनी नव्हतो. मला एवढंच दिसत होतं, की डाग जाणार, मी मातीत जाणार, तो हात मानेवर पडणार आणि माझं अकोला बुडणार.

माझा दुसरा डाग गेला, त्या दिवशी मी रांगेत उभा राहिलो. "फिर." फिरलो. "साफ," ते आनंदानं म्हणाले आणि हात माझ्या मानेकडे आला. मी मान काढून घेतली.

सगळी रांग गार झाली. वस्तादांच्या हाताखालून मान काढून घेणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखंच.

"काहून बे?"

मी दोन पावलं मागं सरलो. "वस्ताद, कड्याखालचं मनगट दाखवा."

"काय म्हनला?"

"तुमच्या हाताले हाये, वस्ताद. तुमच्यापासून आमाले होऊन राह्यलं. शेटजीच्याही मानेवर निघालं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे. "थे तं कड्यानं घासते," हळू आवाजात म्हणाले. "कित्येक वर्सापासून घासते. औंदा पावसाळ्यापासून खाजते, एवढंच." आणि शेळीला सोडून, आम्हाला तसंच उभं ठेवून, दरवाजाबाहेर निघून गेले.

दिवसभर पत्ता नाही. पोरांनी मला धरून बडवलं, आणि मला ते रास्त वाटलं. घरी गेलो, जेवण गेलं नाही. वाटलं, आता आखाडाही गेला आणि वस्तादही गेले, आणि हे सगळं मी केलं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं, आम्ही सवयीनं रांगेत उभे राहिलो. वस्ताद आले. लंगोटावर. रांगेच्या शेवटी, सगळ्यांत लहान पोराच्या बाजूला येऊन उभे राहिले. डावं मनगट उघडं होतं. लोहाराकडे जाऊन त्यांनी कडं कापून घेतलं होतं.

"पाहा," ते म्हणाले.

कोण पुढे जाणार? सगळे जमिनीकडे बघत उभे.

"पंतोजीचा कुठी हाये? तू पाह्य. तूच सांगतलं ना?"

मी पुढे गेलो. कड्याच्या जागेवर मनगटभर जुनाट, काळपट, कडेनं लाल डाग होता, तळव्यापर्यंत उतरलेला.

"फिर म्हन," ते म्हणाले.

"वस्ताद, नोका ना..."

"म्हन!"

"फिरा, वस्ताद," मी म्हणालो, आणि तो डोंगराएवढा माणूस माझ्यापुढे हात वर करून, बोटं फाकवून, सावकाश फिरला. मला रडू कोसळलं. त्यांनी विचारलं, "साफ का?" मी मान हलवून नाही म्हटलं. ते गेले आणि ओट्यावर जाऊन बसले.

पुढचे अडीच महिने वस्ताद मातीत उतरले नाहीत. ओट्यावरून शिकवायचे, हातात लांब बांबू. त्या बांबूनं पाय दाखवायचे, कोपर दाखवायचे. हात लागत नव्हता म्हणून त्यांना पोरं ओळखता येईनात! माझं नाव दुसऱ्याला, दुसऱ्याचं शेळीला. "ए थ्या, लाल लंगोट्या! नाही बे, थो दुसरा लाल!" आम्ही हसायचो, तेही हसायचे, पण मधेच डावा हात आपोआप उचलला जायचा आणि ते तो मांडीखाली घालून बसायचे. ते बघवत नसे.

आणि पोरं साफ झाली. एकेक करत सगळी. शेटजीसुद्धा. वस्तादांचं मात्र जाता जाईना. तरोटा झाला, गंधक झालं, कुणी सांगेल ते झालं. मनगटावर एक फिकी लाल कड शिल्लक राहिलीच.

माघात आम्ही बैलगाड्यांनी निघालो. बडनेरा, मूर्तिजापूर, दोन मुक्काम करून अकोला. मोर्णेच्या पात्रात वाळूवर तांबडी माती पसरून आखाडा केला होता. भोवती माणसंच माणसं. व्यापारी खाटांवर गाद्या टाकून बसलेले, आमचे शेटजी सगळ्यांत पुढे. हलगी कडाडत होती. मी लंगोट कसून उभा होतो आणि समोर माझी जोड उभी होती. कोवळा, लुकडा पोरगा. मला खात्री होती, याला मी घेतो.

रिवाज असा, की पहिली कुस्ती लागायच्या आधी दोन्हीकडचे वस्ताद मातीत उतरून एकमेकांना मिठी मारतात आणि एकमेकांच्या अंगाला माती लावतात. अकोल्याचे वस्ताद मोठ्या मिशांचे, हसतमुख. ते हात पसरून पुढे आले. आमचे वस्ताद मातीच्या कडेलाच थांबले आणि त्यांनी लांबूनच हात जोडले.

"या ना, वस्ताद!"

"हात नोका लावू," आमचे वस्ताद म्हणाले. हलगी थांबलेली होती, सगळ्यांना ऐकू गेलं. "मले गजकर्ण हाये."

आधी कुणाला कळलं नाही. मग खाटांवरून हशा सुरू झाला आणि नदीच्या दोन्ही काठांवर पसरला. कुणी ओरडलं, "अमरावतीचे पहिलवान खाजवायले आले बाप्पा!" आमच्या शेटजींनी उपरणं तोंडावर घेतलं. मी लाजेनं मेलो. त्या माणसावर आजवर कुणी हसलं नव्हतं.

अकोल्याचे वस्ताद हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पोरांले?"

"पोरं साफ हायेत. फिरवून पाहून घ्या."

आम्हा आठांना भर दंगलीत फिरवलं. आठही साफ. मग आमचे वस्ताद म्हणाले, "आता तुमची फिरवा. आमी हात आखडून बसतो अन् तुमची लावून जातीन, असं नाही चालनार."

अकोल्याच्या वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला, क्षणभर विचार केला आणि आपल्या पोरांना ओळीत उभं केलं. तिघं निघाले. त्यातला एक माझी जोड. काखेपासून बरगडीपर्यंत डाग, वर मातीच्या रंगाच्या तांबड्या कावेचा लेप देऊन झाकलेला. पोरगा ढसाढसा रडायला लागला. त्यांनी त्याचा हात धरून त्याला बाहेर बसवलं, आणि माझ्या वजनाचा दुसरा कुणी त्यांच्याकडे नव्हता.

त्या दुपारी बाकीच्या कुस्त्या झाल्या. कोण जिंकलं, कोण हरलं, मला आठवत नाही. मी लंगोट कसलेला, अंगाला माती न लागलेला, वाळूत बसून होतो. माझ्या बाजूला थोडं अंतर सोडून तो अकोल्याचा पोरगा बसला होता. आम्ही एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही.

परतताना मी मुद्दाम वस्तादांच्या गाडीत बसलो, भांडायला. बोरगावच्या पुढे गेल्यावर माझा बांध फुटला.

"वस्ताद, तुमाले काय गरज होती हो? तुमी थोडेच कुस्ती खेळनार होते! पोट दुखते म्हनलं असतं तरी चाललं असतं. कोनालेच कळलं नसतं. माही कुस्ती गेली तुमच्यापायी. लोक हसले तुमाले!"

त्यांनी बाजूचं घोंगडं मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाले, "तू राह्यला होता का चूप?"

मला खरं बोलायची लाज वाटत होती, पण रागात निघून गेलं. "म्या काही तुमच्यासाठी नव्हतं सांगतलं. पोरांसाठीही नाही. मले अकोल्याची कुस्ती पायजे होती, म्हनून सांगतलं."

"मले माहीत हाये," वस्ताद म्हणाले. "पन सांगतलं ना? सगळे पोट्टे साफ झाले."

मी हुंदके देत होतो. त्यांनी आपलं घोंगडं उचललं, ते माझ्या अंगावर घालायला हात पुढे केला, मनगटाकडे पाहिलं, आणि घोंगडं तसंच मांडीवर ठेवून गाडीवानाला म्हणाले, "बाप्पा, तुह्याजवळचं घोंगडं दे या पोट्ट्याले. माहं नोको."